दहा सेंटीमीटरचा नीचांक

भाऊजी,

तोंडावर काही बोलायला गेलं की तुम्ही कानातलं यंत्र काढून शर्टाच्या खिशात टाकता आणि माझ्या ओठांकडे बघत हसत बसता. म्हणून हे कागदावर लिहिते आहे. कागद खिशात टाकलात तरी माझा आवाज बंद होणार नाही.

दुसरं कारण असं, की तुमच्या पाणीखात्याची दोन माणसं परवा घरी येऊन गेली. खात्याला पन्नास वर्षं झाली म्हणे, पुस्तक निघतंय. त्यात जुन्या कर्मचाऱ्यांवर लेख हवेत. "तुम्ही जवळच्या, शिवाय शिकलेल्या. चार पानं द्या," म्हणाले.

"काय लिहू?" मी विचारलं.

"चांगलं लिहा."

तुमच्याबद्दल चांगलं लिहायला एक पान पुष्कळ झालं. चार पानं हवी असतील तर खरं लिहावं लागेल. तेव्हा हेच पत्र मी त्यांना देणार आहे. तुम्हाला पाठ असलेल्या गोष्टीही यात येतील, कारण वाचणाऱ्यांना त्या ठाऊक नाहीत. मुकाट्यानं वाचा.

तर तुम्ही माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा तुम्ही तेवीस वर्षांचे होतात, ताडमाड उंच आणि पूर्ण बिनकामाचे. दिवसभर घरात फिरून भिंतीवरच्या तसबिरी सरळ करायचात. कुणी पाणी दिलं तर पेला डोळ्यांसमोर धरून आधी किती आहे ते बघायचात, मग प्यायचात. मला वाटलं, मुलाच्या डोक्यात काहीतरी ढिलं आहे. सहा वर्षं तुम्ही तसबिरी सरळ केल्यात. मग एक दिवस तळ्यावरच्या नोकरीचं पत्र आलं, आणि मला कळलं की तुमच्या डोक्यात जे ढिलं होतं त्यालाच सरकारनं पद निर्माण केलेलं आहे.

"काम काय आहे?" तुमच्या दादांनी विचारलं होतं.

"सकाळी सात वाजता तळ्यावर जायचं. पाणी कुठपर्यंत आहे ते बघायचं. लिहायचं."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी सकाळी सात."

"याला नोकरी म्हणतात?"

"जलपातळी वाचक म्हणतात," तुम्ही म्हणालात आणि जाता जाता कॅलेंडर सरळ केलंत.

वाचणाऱ्यांसाठी सांगते. तळ्याच्या उतरत्या काठावर एकाखाली एक असे तीन खांब होते. प्रत्येकावर मीटरभर लांबीची पांढरी पत्र्याची पट्टी, तिच्यावर काळ्या रेघा आणि आकडे. वरच्या खांबावर तीन ते दोन मीटर, मधल्यावर दोन ते एक, खालच्यावर एक ते शून्य. पाणी उतरत गेलं की वाचकानंही एकेक खांब उतरायचं. ऐकायला सोपं आहे. पण पाणी एका जागी उभं राहत नाही. लाट येते, जाते. मग वाचक लाटेचा वरचा आकडा धरतो, खालचा धरतो आणि मधला लिहितो. वारा फारच असला तर बूड कापलेला तेलाचा मोठा डबा खांबाभोवती बसवायचा, की आतलं पाणी गप्प होतं. हे सगळं तुम्हाला तुमच्या आधीच्या वाचकानं शिकवलं. त्यांना खात्यात थोरले म्हणत, आपणही तेच म्हणू.

तुम्ही एकत्तीस वर्षं हे काम केलंत. माझ्या लेकाचा जन्म झाला त्या सकाळी दवाखान्यात यायला तुम्हाला उशीर झाला, कारण वारा होता. आल्यावर बाळाकडे बघून तुम्ही पहिलं वाक्य काय बोललात? "एक्कावन्न असेल." नर्सनं मोजलं तर एक्कावन्न सेंटीमीटरच भरलं. त्या दिवसापासून नर्सच्या तोंडून सगळ्या गावात तुमचं नाव 'सेंटी' पडलं. खरं नाव आता फक्त तुमच्या पेन्शनच्या कागदावर आहे.

थोरल्यांची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यावर उभा आहे. तुम्ही शाळेत होतात त्या वर्षी मोठा दुष्काळ पडला होता. तळं इतकं आत गेलं, की खालच्या खांबापर्यंत पोहोचायला मांडीभर चिखल तुडवावा लागे. बाकी सगळे काठावरून दुर्बिणीनं बघा म्हणत होते. थोरले चिखलात उतरले. आकडा वाचला, चौतीस सेंटीमीटर. परत येताना दोन्ही बूट चिखलानं गिळले. अनवाणी पायांनी कार्यालयात शिरून ते ओरडले, "बूट गेले, आकडा आला!" तळ्याच्या नोंदी सुरू झाल्यापासूनची ती सर्वांत खालची पातळी. नीचांक. तो शब्द थोरले असे उच्चारायचे, जसा दुसरा एखादा 'सुवर्णपदक' म्हणेल. लग्नघरात, मयताच्या घरात, न्हाव्याकडे, कुठेही भेटले की पाचव्या वाक्याला चौतीस यायचेच.

निवृत्त झाल्यावर ते तळ्याच्या पलीकडच्या काठाला भाचीकडे राहायला गेले, पण रोज सव्वासातला त्यांचा फोन यायचा.

"आज किती?"

"एक मीटर बारा."

"ठीक." आणि फोन ठेवायचे.

अठ्ठावीस वर्षं तुमचं एवढंच संभाषण चाललं होतं. मी नवराबायकोंची याहून लांब संभाषणं फार पाहिली, पण इतकी टिकलेली थोडीच.

दरम्यान तळं उतरतच होतं. तुम्ही लागलात तेव्हा लोक काठावर पोहायला येत, टॉवेल पसरून पडत. पुढे पुढे टॉवेल पसरायला वाळू उरली आणि पोहायला पाणी उरेना. काठावरचा चहावाला दर वर्षी हातगाडी वीस पावलं पुढे सरकवायचा. लाँचच्या धक्क्याला फळ्या जोडत जोडत तो इतका लांब झाला, की लाँचपेक्षा धक्क्यावरूनच पलीकडे जाता येईल असं लोक म्हणायला लागले. सुट्टीच्या दिवशी येणारी माणसं तुम्हालाच धारेवर धरत.

"काय सेंटी, पाणी कुठे गेलं?"

जणू तुम्हीच पिऊन टाकलं. आणि तुम्ही न रागावता सांगायचात, "दोन सेंटीमीटर वाफ झाली, एक कालव्यानं नेलं." विचारणाऱ्याला उत्तर नको असतं हे तुम्हाला कधीच कळलं नाही.

आता वादळ. याला आठ वर्षं झाली. एक सुटलेली होडी येऊन खांबांवर आदळली. मधला खांब पट्टीसकट गेला तो गेलाच. खालचा मोडला, त्याची पट्टी चिखलात सापडली. वरचा तेवढा उभा राहिला. खात्याला कळवलं तर खातं म्हणालं, मधली पट्टी यथावकाश पाठवू, तोवर खालची तुम्ही बसवून घ्या. 'यथावकाश' हा शब्द आठ वर्षांचा झाला आता.

खालचा खांब नव्यानं उभारायचा म्हणजे हिशेब असा: वरच्या खांबाचं बूड दोन मीटरवर. खालच्या पट्टीचं डोकं एक मीटरवर. म्हणजे बुडापासून बरोबर एक मीटर खाली पट्टीचं डोकं यायला हवं. गवंडी लोक पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी वापरतात, तिच्या दोन्ही टोकांना पाणी सारख्याच उंचीवर राहतं. ती नळी लावून तुम्ही वरच्या बुडाची उंची नव्या खांबावर खडूनं आखलीत. आता फक्त त्या रेघेपासून एक मीटर खाली मोजायचं होतं. खात्याची पोलादी टेप गंजून डबीतच बसली होती. रविवार होता, दुकानं बंद. तुम्ही सायकल दामटत आमच्याकडे आलात.

मी खिडकीशी बसून भूगोलाचे पेपर तपासत होते. आठवीच्या मुली. एकीनं समुद्राची खोली किलोमध्ये लिहिली होती आणि माझं डोकं तापलेलं होतं.

"वहिनी, टेप आहे?"

"शिवणाच्या डब्यात बघा. नाही, थांबा." मी खिडकीतूनच तुमच्या हातात टेप दिली आणि म्हणाले, "परत आणून द्या."

बस. एवढंच म्हणाले मी. याहून तीन शब्द जास्त बोलले असते तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

ती शिंप्याची पिवळी टेप होती, दीड मीटरची. तिचे पहिले दहा सेंटीमीटर नव्हते. छत्रीची मूठ हातातून निसटायची म्हणून मी ते कापून मुठीला गुंडाळले होते. टेप फेकून कशाला द्यायची? दहाच्या रेघेपासून मोजायचं आणि शेवटी दहा वजा करायचे. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तुमचे दादा पायजमा मोजतानासुद्धा 'दहापासून, दहापासून' असं पुटपुटायचे. लेक लहानपणी शाळेत मोजपट्टीवरही दहापासून मोजायचा आणि मार खायचा. घरातल्या एकाच माणसानं आयुष्यात कधी कापड मोजलं नव्हतं. तुम्ही.

म्हणून तुम्ही टेपचं टोक खडूच्या रेघेशी खिळ्यानं ठोकलंत, टेप खाली सोडलीत, शंभरचा आकडा आला तिथे खूण केलीत आणि पट्टी बसवलीत. मीटर समजून नव्वद सेंटीमीटर खाली. सगळी पट्टी दहा सेंटीमीटर वर चढून बसली, आणि त्या दिवसापासून तळं खऱ्यापेक्षा दहा सेंटीमीटर कमी दिसायला लागलं. पाण्याच्या लाटेचा वरचा आणि खालचा आकडा बघून मध्य काढणारा माणूस, त्यानं टेपचं एकच टोक बघितलं. मला हसावं की रडावं कळत नाही. बहुतेक वेळा मी हसते.

चार वर्षांनी कोरडं साल आलं. रोज आकडा खाली. छत्तीस. पस्तीस. चौतीसच्या दिवशी तुम्हाला जेवण गेलं नाही. "थोरल्यांची बरोबरी झाली," एवढंच म्हणालात. मग तेहतीस, आणि शेवटी तीस. नवा नीचांक! वर्तमानपत्रात तुमचा फोटो आला, गुडघ्यापर्यंत चिखल आणि बोट पट्टीकडे. नगरपालिकेनं काठावर एक दगड बसवला, त्यावर तारीख आणि 'तीस सेंटीमीटर'. लोक लांबलांबून बघायला यायला लागले. कशाला? तर नसलेलं पाणी बघायला. तळात रुतलेल्या जुन्या नावेच्या सांगाड्यावर बसून फोटो काढायचे. चहावाल्यानं हातगाडीवर पाटी लावली: 'नीचांक चहा'. खात्यानं तुमचा सत्कार केला. घरी आल्यावर तुमचे दादा म्हणाले, "आमच्या घराण्यात एकच नीच निघाला, तोही आकड्यानं." तुम्ही इतके खूश होतात की त्यावरही हसलात.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला फोन आला नाही.

तिसऱ्या दिवशी थोरले स्वतः आले. पाणी पंचेचाळीसच्या खाली गेलं की लाँच बंद असते, म्हणून बसनं, तळ्याला वळसा घालून, चार तास. एकोणनव्वदाव्या वर्षी. मी तेव्हा तुम्हाला डबा द्यायला काठावर आले होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. काठी टेकत ते खांबासमोर उभे राहिले. डोळ्यांना फारसं दिसत नव्हतंच.

"किती?"

"तीस," तुम्ही म्हणालात.

"नीट बघितलंस? लाट?"

"लाट नाही आज."

त्यांनी काठीचं टोक पट्टीला टेकवलं. मग म्हणाले, "पोरा, कोरड्या तळ्यात बुडवलंस मला."

तुम्ही चहा विचारलात. त्यांनी हातगाडीवरची पाटी जवळ जाऊन वाचली आणि नको म्हणाले. त्यांना बसपर्यंत सोडायला तुम्ही निघालात तर काठीनंच तुम्हाला मागे सारलं. त्यानंतर फोन कधीच आला नाही. तुम्ही मात्र पुढची दोन वर्षं रोज सव्वासातला फोनशेजारी उभे राहायचात, मग काहीतरी काम आठवल्यासारखं करून निघून जायचात. पण आपणहून फोन केला नाहीत. "माझा आकडा खरा आहे, मी काय करू?" हे तुमचं म्हणणं. मीही म्हटलं, म्हाताऱ्याला रुसू द्या. आकडा खरा आहे.

तुम्ही निवृत्त झालात आणि खात्यानं तुमच्या जागी माणूस नेमलाच नाही. खांबाला एक राखाडी पेटी लावली, तिची वायर पाण्यात सोडली. पेटी आपली आपण आकडा पाठवते. ती बसवायला आलेल्यांनी विचारलं, "सुरुवातीचा आकडा काय धरायचा?" आणि तुमच्या पट्टीवरून धरला. म्हणजे माणसाची चूक यंत्राला घोकून पाठ करायला लावली. यंत्रानं ती इमानदारीनं पाठ केली.

मग गेल्या वर्षी तुम्ही धक्क्याजवळ ती खोली घेतलीत. एक पलंग, एक टेबल, पाण्याकडे उघडणारी खिडकी. टेबल खिडकीला लावून ठेवलेलं, कारण सात वाजता तुम्हाला अजूनही तळं बघायचं असतं. यंदा मी म्हटलं, पडदे शिवून देते, माप घेऊन ठेवा. तुम्ही चिठ्ठी दिलीत: उंची एकशे वीस. मी शिवले, तुम्ही लावलेत, आणि आपण चहाला बसलो. पडद्याची किनार टेबलावर लोळत होती. वाऱ्यानं हलली आणि सरळ तुमच्या कपात गेली.

"पाच बोटं लांब झालेत," मी म्हटलं. "माझा हात चुकत नाही कधी. खिडकी कशानं मोजलीत?"

"टेपनं."

"कुठल्या?"

"तुमच्याच. त्या वादळाच्या वेळी नेली होती ती."

"म्हणजे आठ वर्षं तुमच्याकडेच आहे! बरं, दहापासून मोजलंत ना?"

"दहापासून कशाला? टोकापासून मोजलं."

"अहो, त्या टेपला टोकच नाही! पहिले दहा मी केव्हाच कापलेत. सगळ्या घराला ठाऊक आहे."

"मला कुठे ठाऊक आहे?" तुम्ही म्हणालात आणि हसायला लागलात. मीही हसले. पडदा कपातून काढून पिळलाही. मग तुमचं हसणं मध्येच थांबलं.

"वहिनी, या टेपनं मी पट्टी बसवली होती."

माझ्या तोंडून एक शब्द गेला. तो मी खात्याच्या पुस्तकात लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी आपण दोघं गवंड्याची नळी आणि नवी कोरी पोलादी टेप घेऊन खांबाशी गेलो. मी वर नळी धरून उभी, तुम्ही खाली चिखलात. तीनदा मोजलंत. नव्वद, नव्वद, नव्वद. तुम्ही तिथेच खाली बसलात, चिखलातच. मी म्हटलं, उठा, पँट मी धुणार नाही. तुम्ही म्हणालात, "वहिनी, माझे तीस म्हणजे चाळीस. थोरल्यांचे चौतीस कुणी मोडलेच नाहीत."

मला वाटलं होतं, तुम्हाला आपला फोटो, दगड, सत्कार आठवत असेल. तसं काही नव्हतं. तुम्ही एकदाही दगडाकडे बघितलं नाहीत.

आधी कार्यालयात गेलो. तिथला साहेब माझ्या लेकापेक्षा लहान, सभ्य, आणि नखशिखान्त घाबरलेला, कारण स्वतःहून चूक कबूल करायला कुणी येतं हे त्यानं पाहिलंच नव्हतं. त्यानं दुरुस्तीचा अर्ज शोधून काढला. चुकीचा दिनांक. चुकीचं स्वरूप. चूक करणाऱ्याचं पद.

तुम्ही 'जलपातळी वाचक' लिहायला लागलात. मी पेन काढून घेतलं आणि लिहिलं, 'वाचकाची वहिनी'.

"बाई, असा पर्याय नाही," साहेब म्हणाला.

"पर्याय नसेल, पण वस्तुस्थिती आहे. टेप मी कापली."

"पण मोजलं यांनी."

"सांगितलं मी नाही."

"बघितलं मी नाही," तुम्ही मध्येच म्हणालात.

साहेबानं शेवटी दोघांच्याही सह्या घेतल्या आणि सांगितलं, वाऱ्याचा मोसम संपला की पाहणीपथक येईल, पडताळणी होईल, मग नोंदी दुरुस्त होतील. तोवर सगळं आहे तसंच चालू राहील. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "खातं होईल तेव्हा होईल. थोरल्यांना आता सांगायला हवं."

कसं सांगणार? फोनवर? तुम्हाला ऐकू येत नाही आणि त्यांनाही येत नाही. 'दहा सेंटीमीटर!' 'कोण?' 'चाळीस होते!' 'चाळीस कोण आले?' असं तासभर चाललं असतं. पत्र लिहावं तर त्यांना दिसत नाही, आणि भाचीनं वाचून दाखवलेली माफी तुम्हाला माफी वाटेना. प्रत्यक्षच जायचं ठरलं. दोघांनी. मी आधी बोलायचं, टेप कशी कापली ते सांगायचं. तुम्ही नंतर फक्त एकच शब्द म्हणायचा: चौतीस. खोलीत फेऱ्या घालत तुम्ही तो शब्द म्हणून बघत होतात. मला वाटलं, माणूस मागणी घालायला चाललाय.

त्याच संध्याकाळी आपण धक्क्यावर गेलो. लाँच बांधलेली होती, शेजारी पेटीतला रोजचा आकडा लिहायचा काळा फळा. लाँचवाला धक्का धूत होता.

"उद्या सोडणार का?" तुम्ही विचारलंत.

"फळ्यावर बघा. एकेचाळीस. पंचेचाळीसखाली नाही सोडत."

"पाणी एक्कावन्न आहे."

"फळ्यावर एकेचाळीस आहे."

"फळ्यावरचं चुकीचं आहे."

"कुणी सांगितलं?"

"मी सांगतो ना. मीच चुकवलंय."

लाँचवाल्यानं झाडू बाजूला ठेवला. "सेंटी, तीन सालांमागे माझा मेहुणा दवाखान्यात होता पलीकडे. आकडा चव्वेचाळीस होता. एक सेंटीमीटरसाठी मी तुझ्या हातापाया पडलो. तू काय म्हणालास? फळ्यावरचा आकडा म्हणजे आकडा."

त्याचं बरोबर होतं. शिवाय त्या दिवशी पाणी खरोखर चौपन्न होतं, हे आपल्या दोघांच्याही एकदमच लक्षात आलं असावं, कारण आपण एकमेकांकडे बघायचं टाळलं.

राहिली बस. वळसा घालून जाताना चार तास, येताना चार. गुरुवारी जाऊ असं ठरलं. मी अंडी उकडून, पाव घेऊन डबा भरायचं ठरवलं. बुधवारी तुमचा निरोप आला, वारा फार आहे. बसला वारा काय करतो, असं मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण माझा गुडघा सुजला होता आणि मला बरंच वाटलं. पुढच्या गुरुवारी माझी डोळ्यांची तपासणी निघाली. ती आदल्या दिवशीही होऊ शकली असती, हे आज कबूल करते. त्याच्या पुढच्या गुरुवारी तुम्ही म्हणालात, पाणी आठवड्याला सेंटीमीटर दीड सेंटीमीटर चढतंय, दोनतीन आठवड्यांत पेटीतला आकडासुद्धा पंचेचाळीस दाखवील, लाँच सुटेल, तासाभरात आरामात पोहोचू. मी लगेच हो म्हटलं. इतकं लगेच, की तुम्हीही माझ्याकडे जरा बघितलंत. चार वर्षं रुसलेल्या म्हाताऱ्यासमोर उभं राहायची आपल्या दोघांचीही छाती होत नव्हती, आणि आपण दोघं ते पाण्यावर ढकलत होतो.

आकडा त्रेचाळीसवर होता तेव्हा त्यांच्या भाचीचा फोन आला. मीच घेतला. झोपेतच गेले म्हणाली, त्रास काही झाला नाही. मग सहज म्हणून तिनं सांगितलं, की शेवटपर्यंत रोज सव्वासातला ते फोनकडे बघून तिला विचारायचे, "आज किती असेल?" ती काहीतरी ठोकून द्यायची.

तेव्हापासून तीन रविवार तुम्ही जेवायला आला नाहीत. दारावरून गेलात ते मी पाहिलं. खात्याचं पथक येईल तेव्हा येईल, दगडावरचा आकडा खोडतील किंवा नाही खोडणार, मला त्याचं सोयरसुतक नाही. मी फक्त इतकं लिहून ठेवते आहे, की टेप कापणारी मी आहे, मोजणारे तुम्ही आहात, आणि एका गुरुवारी बसनं पलीकडच्या काठाला जाऊन मी सगळं सांगायचं आणि तुम्ही 'चौतीस' म्हणायचं असं आपलं ठरलं होतं. आपण गेलो नाही.